कोपर किती वाकलं होतं?

वेटलिफ्टिंगइतका सरळ हिशेब दुसऱ्या कुठल्या खेळात नसेल. बारवर किती किलो आहेत ते सगळ्यांना दिसतं. माणूस ते वजन डोक्यावर नेतो, नाही तर त्याच्या हातून सुटतं. पायचीतचा वाद नाही, ऑफसाइडची रेघ नाही, नृत्यासारखे 'भावमुद्रेला' गुण नाहीत. पांढरा दिवा किंवा लाल दिवा. आम्हा इंजिनिअर मंडळींना आवडावा असा हा खेळ: उत्तर एक किंवा शून्य.

पण या खेळात एक कोपर आहे, आणि त्या कोपरापाशी सगळा सरळ हिशेब वाकतो.

१६ ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या १०५ किलोवरील गटाची, म्हणजे सगळ्यात वजनदार माणसांची स्पर्धा. इराणचा बेहदाद सलीमी हा २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधला सुवर्णविजेता. समोर जॉर्जियाचा लाशा तालाखाद्झे. स्पर्धेत दोन प्रकार असतात. पहिला स्नॅच, म्हणजे जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर. दुसरा क्लीन अँड जर्क, म्हणजे आधी खांद्यावर आणि तिथून झटक्यानं वर. प्रत्येक प्रकारात तीन प्रयत्न मिळतात, दोन्हीतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज होते आणि त्या बेरजेवर पदक ठरतं. एका प्रकारात तिन्ही प्रयत्न वाया गेले तर बेरीजच होत नाही.

स्नॅचमध्ये तालाखाद्झेनं २१५ किलो उचलले. सलीमीनं २१६. हा जागतिक विक्रम होता.

मग क्लीन अँड जर्क. सलीमीनं २४५ किलोनं सुरुवात केली. पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या प्रयत्नात बार वर गेला आणि पंचांनी तो वैध ठरवला. त्यानंतर पंचांच्या वर बसलेल्या ज्युरीनं तो निर्णय फिरवला. कारण कोपर. बार डोक्यावर जाताना हात एकाच सलग हालचालीत सरळ व्हायला हवेत. वाकलेल्या कोपरावर वजन झेलून ते नंतर ढकलत सरळ केलं, तर उचल अवैध. इंग्रजीत याला 'प्रेस आउट' म्हणतात. तिसरा प्रयत्नही गेला. इराणच्या पथकानं जोरदार आक्षेप घेतला, पण ज्युरीचा निर्णय अंतिम असतो.

त्या रात्री एकूण ४७३ किलोंच्या जागतिक विक्रमासह तालाखाद्झेला सुवर्ण मिळालं. आर्मेनियाच्या गोर मिनास्यानला ४५१ किलोंवर रौप्य, जॉर्जियाच्याच इराक्ली तुर्मानिद्झेला ४४८ वर कांस्य. आणि त्या रात्री जगात सगळ्यात जास्त वजनाचा स्नॅच करणाऱ्या माणसाच्या नावापुढे बेरीजच नव्हती.

इथपर्यंत वाचून बहुतेकांचा कल सलीमीकडे झुकतो. माझाही झुकतो. पण थोडी बेरीज करू या. २१६ अधिक २४५ म्हणजे ४६१. ती एक उचल वैध धरली असती तर सलीमी मिनास्यानच्या वर गेला असता, मिनास्यान कांस्यावर घसरला असता आणि तुर्मानिद्झे पदकाविना घरी गेला असता. तुर्मानिद्झेची कोपरं सरळ होती. त्यानं काहीच चुकीचं केलं नव्हतं.

म्हणजे 'जाऊ दे ना, इतकंसं तर वाकलं होतं' हा मनाचा मोठेपणा फुकटात येत नाही. त्याची किंमत दुसरा कुणी तरी भरतो, आणि तो बहुधा कॅमेऱ्यात नसतो. रांगेतल्या एकाला दया म्हणून पुढे घेतलं की मागचा एक जण मागे सरकतो. मागचा कोण, हे दया करणाऱ्याला बघावंही लागत नाही. त्यामुळे ज्युरी कठोर होती म्हणून ती अन्यायी होती, असं मी म्हणणार नाही. ते कोपर खरंच किती वाकलं होतं, यावर आजही दोन माणसं एकच चित्रफीत पाहून दोन उत्तरं देतील. त्या वादात मला पडायचं नाही.

मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. ज्या नियमाचा निकाल शेवटी माणसाच्या डोळ्यावर अवलंबून आहे, तो नियम लावताना समोरच्या माणसाचं आपण काय देणं लागतो? अचूक निकाल? तो तर सगळ्यांनाच हवा असतो. पण अचूकतेची खात्री कुणालाच देता येत नसेल, तेव्हा काय?

या खेळानं हा प्रश्न एकदा फार प्रामाणिकपणे सोडवला होता. १९७२ पर्यंत ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमध्ये तिसराही एक प्रकार होता, 'प्रेस'. बार खांद्यापर्यंत आणायचा, उभं राहायचं आणि पायांचा झटका न देता फक्त हातांच्या ताकदीनं वर ढकलायचा. हळूहळू लिफ्टर कंबरेतून मागे झुकायला लागले. जितकं मागे झुकाल तितकी छाती मदतीला येते. मग किती झुकणं चालेल? एका पंचाला चालायचं ते दुसऱ्याला चालायचं नाही, आणि कमान वाढतच गेली. शेवटी म्युनिक ऑलिंपिकनंतर हा प्रकारच बंद करण्यात आला. वासिली अलेक्सेयेवनं तिथे जिंकलेलं ६४० किलोंचं सुवर्ण हे तीन प्रकारांच्या बेरजेचं, सगळ्यात वजनदार गटातलं शेवटचं ऑलिंपिक सुवर्ण ठरलं.

मला हा निर्णय आवडतो. त्यात एक कबुली आहे: हा नियम आम्हाला सगळ्यांना सारखा लावता येत नाही, तेव्हा तो लावून आम्ही लोकांची पदकं ठरवणार नाही. पण हा उपाय प्रत्येक ठिकाणी चालत नाही. कोपराचा नियम काढून टाकला तर जर्कचा प्रेस होईल आणि आपण फिरून १९७२ मध्ये येऊ.

आता माझ्या पिढीचं लाडकं उत्तर: यंत्राला विचारा.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हे उत्तर माझ्या जिभेवर आधी येतं. व्हिडिओतून शरीराचे सांधे ओळखून कोपराचा कोन काढणं आज फार अवघड नाही. तुमच्या हातातल्या फोनवरसुद्धा ते साधारण जमतं. मग पंच कशाला? कोन मोजा, निकाल द्या.

पण हे खरंच लिहायला बसलं की पहिल्याच ओळीत अडतं. कोन किती असला की 'वाकलं' म्हणायचं? काहींचं कोपर सरळच्याही पुढे, उलट्या बाजूला जातं. काहींचं जन्मभर पूर्ण सरळ होत नाही. सेकंदाला ३० चित्रं घेणारा कॅमेरा दोन चित्रांमध्ये सुमारे ३३ मिलिसेकंद आंधळा असतो, आणि झटका त्या फटीत बसू शकतो. कॅमेरे वाढवता येतील, वेग वाढवता येईल. तरी शेवटी कुणाला तरी एक आकडा लिहावाच लागेल: इतक्या अंशांपर्यंत माफ, त्यापुढे नाही. तो आकडा मोजून सापडत नाही. तो ठरवावा लागतो.

यंत्र आणल्यावर डोळ्याचा निर्णय नाहीसा होत नाही. त्याची जागा बदलते. तो प्लॅटफॉर्मसमोर बसलेल्या पंचाकडून एका फाइलमधल्या एका ओळीकडे जातो. पंच निदान समोर दिसतो, त्याच्यावर ओरडता येतं. ती ओळ कुणी लिहिली, कोणत्या दिवशी, कुणाशी बोलून, हे खेळाडूला कधीच कळत नाही. यंत्र सगळ्यांना एकच फूटपट्टी लावेल, आणि ही मोठी गोष्ट आहे, ती मी नाकारत नाही. पण फूटपट्टी बरोबर आहे का, हा प्रश्न तिथेच राहतो, आणि तो विचारायला कुणी सापडत नाही.

इथे मला ऑलिंपिकपासून बऱ्याच लांबची एक गोष्ट सांगायची आहे, कारण सलीमीच्या जागी मला नेहमी एक दुसराच चेहरा दिसतो.

माझा मामेभाऊ पोलीस भरतीची तयारी करत होता. दोन वर्षं पहाटे पाचला उठून पळायचा. महाराष्ट्रात पुरुष शिपायासाठी उंची किमान १६५ सेंटिमीटर लागते. छाती न फुगवता ७९, आणि फुगवल्यावर निदान ५ सेंटिमीटर वाढायला हवी. ही ५ सेंटिमीटर टेपनं मोजतात. टेप माणूस धरतो. टेप किती घट्ट धरला, बरगड्यांवर कुठे धरला, श्वास कोणत्या क्षणी पूर्ण भरला, या सगळ्यावर आकडा थोडा मागेपुढे होतो. घरी शिंप्याच्या टेपनं मामानं दहा वेळा मोजलं होतं. प्रत्येक वेळी पुरेसं भरलं होतं, पण जेमतेम.

एका जिल्ह्याच्या मैदानावर त्याची उंची मोजली, छाती मोजली आणि 'बाजूला व्हा' असं सांगितलं. पुढचा मुलगा लगेच टेपखाली आला. मागे रांग मोठी होती.

तो घरी आला तेव्हा मामीनं एकच विचारलं, "अरे, पण कशात गेलं?"

तो म्हणाला, "माहीत नाही."

उंचीत गेलं की छातीत? अर्ध्या सेंटिमीटरनं की दोननं? पुन्हा मोजा म्हणता येतं का, आणि कुणाला? यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं. मोजणाऱ्यानं चूक केली असं मी म्हणत नाही. कदाचित माप अगदी बरोबर असेल. दिवसभर उन्हात उभं राहून शेकडो पोरांची मापं घेणाऱ्या माणसाकडून किती अपेक्षा ठेवायची, हाही प्रश्न आहेच. पण 'माहीत नाही' हे उत्तर घेऊन तो पुढचे कित्येक महिने घरात वावरला. नापास झाल्याचं दुःख एकदाचं पचतं. कशात नापास झालो ते माहीत नसलं तर रोज सकाळी उठून नेमकं काय सुधारायचं? पळणं वाढवायचं की श्वासाचे व्यायाम करायचे, की उंचीच कमी पडते म्हणून हा नादच सोडायचा?

तेव्हा मला एक विचित्र गोष्ट लक्षात आली. आम्ही लिहिलेला प्रोग्राम बंद पडला तर तो कोणत्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर, कोणत्या कारणानं पडला हे लिहून ठेवतो. नुसतं 'काहीतरी चुकलं' असा संदेश देणारा कोड कुणी रिव्ह्यूला पाठवला तर सिनिअर तो परत पाठवतात. मशीनला कारण न सांगणं ही आमच्या धंद्यात निष्काळजी समजली जाते. आणि माणसाला? 'बाजूला व्हा.' 'अर्ज नामंजूर.' 'आपली निवड झालेली नाही.' तुम्हीही यातलं एखादं वाक्य स्क्रीनवर वाचलेलं असेलच.

म्हणून माझ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं आहे. चुकीचा निकाल हा एक अन्याय आहे. कारण न सांगणं हा दुसरा, स्वतंत्र अन्याय आहे. निकाल बरोबर असला तरी हा दुसरा अन्याय होऊ शकतो. पहिला टाळणं नेहमी आपल्या हातात नसतं, कारण डोळा चुकतो, टेप सरकतो, कॅमेरा हुकतो. दुसरा टाळणं जवळजवळ नेहमी हातात असतं. म्हणून त्याला माफी कमी.

कारण सांगण्यानं दोन गोष्टी होतात. एक, समोरच्याला पुढचा रस्ता मिळतो. दोन, निर्णय देणारा स्वतः बांधला जातो. 'डावं कोपर झेलताना वाकलं आणि नंतर सरळ झालं' असं एकदा सांगितलं की ते चित्रफितीशी ताडून बघता येतं. उद्या दुसऱ्या खेळाडूचं डावं कोपर तसंच वाकलं तर त्यालाही तोच निकाल द्यावा लागतो. कारण न देणारा अधिकारी मात्र रोज नव्यानं मोकळा असतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो फालतू नाही. खेळ पुढे जायला हवा. लिफ्टरला प्लॅटफॉर्मवर बोलावल्यावर उचल सुरू करायला एक मिनिट मिळतो. असं घड्याळ लावलेल्या खेळात प्रत्येक निर्णयावर प्रवचन कसं चालेल? भरतीच्या मैदानावर हजारो पोरं असतात. कारणं दिली की वाद वाढतात, आणि कुठे तरी 'आता बस' म्हणावंच लागतं.

म्हणावं. पण अंतिम निर्णय आणि मुका निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेटलिफ्टिंगच्या शेजारचाच खेळ घ्या, पॉवरलिफ्टिंग. तिथे लाल दिवा लागला की पंच सोबत एक रंगीत कार्डही दाखवतात. लाल, निळं किंवा पिवळं, आणि प्रत्येक रंगाला ठरलेला अर्थ. स्क्वॉटमध्ये लाल कार्ड म्हणजे तुम्ही पुरेसं खाली बसला नाहीत. याला काही सेकंद लागतात. प्रवचन होत नाही, वाद वाढत नाही, निर्णयही बदलत नाही. खेळाडू मान हलवतो आणि पुढच्या प्रयत्नात आणखी खाली बसतो. एका कार्डात 'कशात गेलं?' या मामीच्या प्रश्नाचं उत्तर मावतं.

वेटलिफ्टिंगमध्येही नंतर बदल झाले. चित्रफीत परत पाहण्याची आणि खेळाडूच्या बाजूनं निर्णयाला आव्हान देण्याची सोय आली. सलीमीला त्याचा उपयोग झाला नाही, पण दिशा बरोबर आहे.

निकाल अंतिम असण्याबद्दल आणखी एक उदाहरण याच खेळात आहे. लंडन २०१२, पुरुषांचा ९४ किलो गट. कझाकस्तानच्या इल्या इल्यिननं ४१८ किलोंच्या जागतिक विक्रमासह सुवर्ण घेतलं. त्या वेळी तीन पदकं तीन गळ्यांत पडली आणि निकाल 'अंतिम' झाला. पुढे गोठवून ठेवलेले नमुने नव्या पद्धतींनी पुन्हा तपासले गेले. वरचे तिन्ही बाद झाले, त्यांच्या खालचेही काही बाद झाले. पाचवा आलेला इराणचा सईद मोहम्मदपूर सुवर्णविजेता ठरला, आठवा आलेला दक्षिण कोरियाचा किम मिन-जे रौप्यविजेता आणि नववा आलेला पोलंडचा तोमाश झेलिन्स्की कांस्यविजेता. झेलिन्स्की स्वतः रिओत उत्तेजक चाचणीत सापडून स्पर्धेआधीच घरी पाठवला गेला होता, हा त्यातला आणखी एक पेच.

म्हणजे याच खेळानं दाखवून दिलं की अंतिम निकालही उघडता येतो. अट एकच: पुरावा जपून ठेवलेला हवा आणि आरोप शब्दांत मांडता यायला हवा. अमुक खेळाडूच्या नमुन्यात अमुक द्रव्य सापडलं, असं लेखी कारण असतं म्हणून त्याविरुद्ध दाद मागता येते, चूक असेल तर ती दुरुस्त करता येते. ज्या निर्णयाला कारणच जोडलेलं नाही, त्याच्याविरुद्ध कुठे जाणार? त्याला धरायला कडीच नसते.

आपल्यापैकी अनेक जण येत्या काही वर्षांत असे नियम लिहिणार आहेत. कर्ज कुणाला द्यायचं, कुणाचा बायोडेटा पुढे पाठवायचा, कोणती तक्रार आधी पाहायची. बाकीचे त्या नियमांखालून जाणार आहेत, आणि लिहिणारेही कधी ना कधी जाणारच. नियम सैल ठेवा असं मी म्हणत नाही, कारण सैल नियमाची किंमत कुठला तरी तुर्मानिद्झे भरतो. कडक ठेवा. फक्त प्रत्येक नकाराबरोबर एक रंगीत कार्ड ठेवा. ते ठेवता येत नसेल, नकार का दिला हे तुम्हालाच सांगता येत नसेल, तर १९७२ आठवा. तो नियम अजून माणसांवर लावण्याइतका तयार नाही.

वेटलिफ्टिंगच्या नियमांत एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. एखाद्या खेळाडूचं कोपर जन्मतः किंवा दुखापतीमुळे पूर्ण सरळ होत नसेल, तर त्यानं ते आधीच पंचांना दाखवायचं. हात पुढे करायचा: बघा, माझं एवढंच सरळ होतं. पंच बघतात. मग तेवढं वाकणं दोष धरलं जात नाही. बारला हात लागायच्या आधी, एकही दिवा लागायच्या आधी, नियम धरणारा आणि नियमाखाली येणारा असे दोघं मिळून एकाच कोपराकडे पाहतात.